वॉरहॅमर शिकायचंय, पण पुस्तक कोणतं घ्यायचं? नवख्यांची नेहमीची अडचण

वॉरहॅमर म्हणजे छोटे सैनिक टेबलवर मांडून, फासे टाकून खेळायचा लढाईचा खेळ. जळगावला आम्ही रविवारी त्याचं टेबल मांडतो. चोपडा, भुसावळ, पारोळा, कधी थेट नंदुरबारहून पोरं येतात. नवीन येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “भाऊ, पुस्तक कोणतं घेऊ?” पुष्कळदा हा प्रश्न विचारायच्या आधीच त्याच्या पिशवीत एक पुस्तक असतं. हजारो रुपये घालून मागवलेलं, आणि नेमकं न चालणारं. कधी जुन्या एडिशनचं, म्हणजे नियमांच्या जुन्या आवृत्तीचं, कधी दुसऱ्याच खेळाचं, कधी तर ती कादंबरीच निघते. कॉलेजच्या पोराने महिनोनमहिने साठवलेले पैसे असे अडकलेले बघवत नाहीत, म्हणून सगळं एकदा सविस्तर लिहितो.

उत्तर आधीच देऊन टाकतो : अजून कोणतंही पुस्तक घेऊ नका. आधी कोणाशी खेळणार ते ठरवा. तो कोणता खेळ आणि कोणती एडिशन खेळतो ते विचारा. मग फुकट मिळणारे नियम छापून घ्या आणि एक डाव खेळून बघा. पुस्तकाची पाळी त्यानंतर येते, आणि तेव्हाही बहुतेकांचं एकाच पुस्तकात भागतं.

“कोणाशी खेळणार” हे सगळ्यात आधी का, तर आपण खान्देशात आहोत म्हणून. मोठ्या शहरात चुकीचं पुस्तक घेतलं तरी ते खेळणारा दुसरा कोणीतरी सापडतो. आपल्याकडे एका तालुक्यात दोन-चार खेळाडू असले तरी खूप झालं. पुस्तक दुकानात चाळून बघायची सोय नाही, पार्सल पुण्या-मुंबईहून येतं आणि परत पाठवणं जिकिरीचं असतं. त्यामुळे तुमच्या हातातल्या पुस्तकाची किंमत समोरच्याच्या हातात काय आहे त्यावर ठरते.

कव्हर नीट वाचा

नॉटिंगहॅमची गेम्स वर्कशॉप ही कंपनी “वॉरहॅमर” या एकाच नावाखाली बरेच वेगवेगळे खेळ विकते, आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. वॉरहॅमर ४०,००० म्हणजे दूरच्या भविष्यातला, तोफा-बंदुकांचा खेळ. सगळे त्याला ४०के म्हणतात. एज ऑफ सिग्मार २०१५ साली आला, तो जादू, तलवारी आणि देव-दैत्यांचा. किल टीम ४०केच्याच जगात घडतो, पण मोजक्या सैनिकांचा आणि स्वतंत्र नियमांचा. द ओल्ड वर्ल्ड जानेवारी २०२४ मध्ये आला, त्यात सैन्य जुन्या पद्धतीने रांगा धरून चालतं. शिवाय द होरस हेरसी आहे. यातल्या एकाचं नियमपुस्तक दुसऱ्या खेळाला चालत नाही.

ओळखायची सोपी खूण कव्हरवरच असते. “कोडेक्स” लिहिलं असेल तर ते ४०केतल्या एका सैन्याचं पुस्तक. “बॅटलटोम” म्हणजे एज ऑफ सिग्मारचं. “आर्केन जर्नल” ओल्ड वर्ल्डचं, “लायबर” होरस हेरसीचं. आणि “ब्लॅक लायब्ररी”चा शिक्का असेल तर ती कथा-कादंबरी आहे. वाचायला उत्तम, पण फासे टाकायला तिचा उपयोग नाही. अमळनेरच्या एका मुलाने चित्र आवडलं म्हणून बॅटलटोम मागवलं होतं, आणि त्याच्याकडे सैनिक होते स्पेस मरीन, म्हणजे ४०केचे. दोन्ही पुस्तकांवर “वॉरहॅमर” हेच नाव मोठ्या अक्षरात होतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही.

आणखी एक : “स्पेस मरीन्स” आणि “केऑस स्पेस मरीन्स” हे दोन वेगळे कोडेक्स आहेत. घाईत ऑर्डर करताना “केऑस” हा शब्द नजरेतून सुटतो.

यापुढचं सगळं ४०केबद्दल आणि तिची २०२३ सालची दहावी एडिशन धरून लिहितोय, कारण आमच्या टेबलवर तीच चालते आणि सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात.

मूळ नियम विकत घ्यावे लागत नाहीत

दहाव्या एडिशनचे मूळ नियम कंपनीने स्वतःच फुकट पीडीएफ म्हणून दिले. साधारण साठ पानं. ती कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात दोन्ही बाजूंनी छापून स्पायरल करून घेतली की तुमचं नियमपुस्तक तयार. जाड पुठ्ठ्याचं जे मोठं कोअर बुक मिळतं त्यात नियम तेच असतात. बाकीची बरीचशी पानं त्या जगाचा इतिहास, चित्रं आणि रंगवलेल्या सैन्यांचे फोटो. ते पुस्तक देखणं आहे, माझ्या कपाटात आहे आणि मला ते आवडतं. पण नवख्याने पहिली खरेदी म्हणून ते घेऊ नये.

साठ पानं ऐकून घाबरायचं कारण नाही. पहिल्या संध्याकाळी त्यातलं फार थोडं लागतं. एका पाळीत पाच टप्पे : हुकूम, हालचाल, गोळीबार, धावा, हातघाई. हे पाच टप्पे आम्ही मराठीत एका पानावर लिहून ठेवलेत. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांना इंग्रजी नियमांचा जो बाऊ वाटतो तो या एका पानाने पुष्कळ कमी होतो. तुम्हीही तसं पान स्वतःच्या हाताने लिहा. लिहिता लिहिता अर्धे नियम पाठ होतात.

गोळीबार कसा चालतो ते एका उदाहरणात दाखवतो. स्पेस मरीनचा इंटरसेसर नावाचा सैनिक समोरच्या टर्मागंटवर, म्हणजे टायरनिड या परग्रही सैन्यातल्या प्राण्यावर, बोल्ट रायफल चालवतोय. त्याला दोन फासे मिळतात. फाशावर ३ किंवा जास्त आलं की नेम लागला. आता जखम होते का ते बघायचं. रायफलीची ताकद ४, टर्मागंटचा चिवटपणा ३. ताकद जास्त असल्यामुळे पुन्हा ३ किंवा जास्त हवं. दोन्ही सारखे असते तर ४ लागले असते, ताकद कमी असती तर ५. ताकद दुप्पट असेल तर २ पुरतात, आणि निम्मी किंवा त्याहून कमी असेल तर ६च लागतात. जखम झाली की टर्मागंटचा बचाव. त्याचं चिलखत एरवी ५ वर वाचवतं, पण बोल्ट रायफल चिलखत एकाने भेदते, म्हणून त्याला ६च पाडावे लागतात. नाही पडले तर एक नग उचलायचा. बस्स. मोठमोठ्या रणगाड्यांचंही याच तीन पायऱ्यांनी होतं. हे एकदा हाताला बसलं की पुस्तकात काय शोधायचं ते आपोआप कळतं.

कोडेक्स न घेता पहिला डाव

आता प्रश्न उरतो सैनिकांच्या आकड्यांचा. कोणाचा चिवटपणा किती, कोणाकडे कोणतं हत्यार, हे त्या सैन्याच्या कोडेक्समध्ये असतं. २०२३ साली एडिशन आली तेव्हा सगळ्या सैन्यांचे आकडे “इंडेक्स” म्हणून फुकट मिळत होते. पुढे एकेक कोडेक्स निघत गेला तसे ते मागे पडले. म्हणून कोणी “सगळं फुकट आहे” म्हणालं तर ते जुनं ऐकीव आहे असं समजा.

फुकटची वाट मात्र अजून एक आहे, आणि नवख्याला मी तीच सांगतो : कॉम्बॅट पेट्रोल. या नावाचे बॉक्स मिळतात, प्रत्येकात एका सैन्याची छोटी तुकडी. त्या ठरावीक तुकडीने खेळायचे नियम आणि आकडे कंपनीने फुकट पीडीएफमध्ये दिलेत. पॉइंट, म्हणजे प्रत्येक सैनिकाची खेळातली ठरलेली किंमत, मोजायचे नाहीत, यादी करायची नाही, बॉक्समध्ये जे आहे तेच मांडायचं. दोघांकडे एकेक बॉक्स आणि छापलेली पानं असली की कोडेक्सशिवाय पूर्ण डाव होतो. मैदान लागतं ४४ बाय ३० इंचांचं, म्हणजे घरातल्या जेवणाच्या टेबलवर बहुतेक वेळा मावतं.

पूर्ण डावाला ४४ बाय ६० इंच लागतात. प्लायवुडची नेहमीची शीट आठ बाय चार फुटांची असते. तिचा पाच फुटांचा तुकडा कापून घेतला की मैदान होतं आणि रुंदीत चार इंच फासे ठेवायला उरतात. सुताराला कडा घासून द्यायला सांगा, नाहीतर बाही अडकून सैनिक पडतात.

कॉम्बॅट पेट्रोलचे तीन-चार डाव झाल्यावर दोन गोष्टी कळतात : खेळ आपल्याला खरंच आवडतो का, आणि हेच सैन्य आवडतं का. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, कारण कोडेक्स एकाच सैन्याचा असतो. आमच्याकडे टायरनिड घेऊन आलेली दोन पोरं तीन डावांनंतर दुसऱ्या सैन्याकडे वळली. कोडेक्स घेतला नव्हता म्हणून निभावलं.

कोडेक्स जुना आहे का, कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त पैसे इथे बुडतात. ४०केची आठवी एडिशन २०१७ साली आली, नववी २०२० साली, दहावी २०२३ साली. दर तीन वर्षांचा हा ठोका बघता २०२६च्या आसपास खरेदी करणाऱ्याने आधी नव्या एडिशनची बातमी तपासावी. एडिशन पूर्ण बदलली की जुने कोडेक्स निकामी होऊ शकतात. २०२३ साली तसंच झालं, नवव्याचे सगळे कोडेक्स एका झटक्यात मागे पडले. तोच माल मग “कंडिशन एकदम नवी” म्हणून स्वस्तात विकायला येतो. पुस्तक खरंच कोरं असतं, विकणारा खोटं बोलत नाही, आणि घेणारा तरीही फसतो.

कव्हरवर एडिशनचा आकडा मोठा छापलेला नसतो, म्हणून आतलं पान बघायचं. कोणत्याही सैनिकाचं पान, ज्याला डेटाशीट म्हणतात, ते उघडा. दहाव्या एडिशनच्या डेटाशीटवर सैनिकाच्या ओळीत सहाच खाने असतात : एम, टी, एसव्ही, डब्ल्यू, एलडी, ओसी. शेवटचा “ओसी” हा खाना, म्हणजे मोक्याच्या जागेवरचा ताबा, दहाव्यात नव्याने आला. तो दिसला की किमान नवव्याचा कोडेक्स तरी नाही हे नक्की. त्याऐवजी त्याच ओळीत “डब्ल्यूएस” आणि “बीएस” (हातघाईचं आणि नेमबाजीचं कौशल्य) दिसले तर पुस्तक नवव्याचं किंवा त्याआधीचं. दहाव्यात हे दोन आकडे सैनिकाकडून काढून हत्याराच्या ओळीत नेले आहेत. आणि “आय” नावाचा खाना दिसला तर ते सातव्या किंवा त्याहून जुन्या एडिशनचं आहे, तिथे थांबाच.

म्हणून सेकंडहँड घेताना पैसे पाठवायच्या आधी एका डेटाशीटचा फोटो मागवा. फक्त कव्हरचा फोटो पुरत नाही. दुसरा फोटो मागवा कोडच्या पानाचा. नव्या कोडेक्समध्ये एक कोड असतो, तो कंपनीच्या ॲपमध्ये टाकला की त्या सैन्याचे आकडे फोनवर उघडतात. कोड एकदाच चालतो. वापरलेला असेल तर पुस्तक निरुपयोगी होत नाही, पण किंमत तेवढी उतरवून मागायचा तुम्हाला हक्क आहे.

स्कॅन केलेला कोडेक्स कोणी मोफत देत असेल तर घेऊ नका. ते चोरीचं आहे हे एक, आणि त्या फायलींत जुनी-नवी पानं मिसळलेली असतात. डावाच्या मध्ये एकाच हत्याराचे दोन आकडे निघाले की सगळी दुपार वादात जाते.

दोन पुस्तकं लागणारी सैन्यं

स्पेस मरीन्समध्ये ब्लड एंजल्स, डार्क एंजल्स, स्पेस वुल्व्हज आणि ब्लॅक टेम्पलर्स यांची वेगळी पुस्तकं आहेत, पण ती पुरवण्या आहेत. त्यांच्यात फक्त त्या चमूचे खास सैनिक आणि खास नियम असतात. साधे इंटरसेसर, रणगाडे वगैरे सगळं मूळ “कोडेक्स स्पेस मरीन्स”मध्ये. म्हणजे या चौघांपैकी कोणी आवडलं तर दोन पुस्तकांचा खर्च धरून चला. कव्हरवर “सप्लिमेंट” हा शब्द असतो, तो शोधा. नवखा बहुतेक वेळा लांडग्यांच्या किंवा पंखवाल्या देवदूतांच्या प्रेमात पडूनच येतो, म्हणून हे आधी सांगावं लागतं. प्रेम असेल तर जरूर घ्या, पण मूळ कोडेक्स आधी आणि पुरवणी नंतर.

उलट डेथ गार्ड, थाउजंड सन्स, वर्ल्ड ईटर्स यांचे कोडेक्स स्वतंत्र आहेत. त्यांना केऑस स्पेस मरीन्सचं पुस्तक लागत नाही.

“माझ्या पुस्तकात असं नाहीये” ही तक्रार

कोडेक्स बरोबर एडिशनचा असूनही समोरचा वेगळेच पॉइंट सांगतो, असं होतं. दोघेही बरोबर असू शकतात. सैनिकांचे पॉइंट “मुनिटोरम फील्ड मॅन्युअल” नावाच्या फुकट पीडीएफमध्ये असतात आणि कंपनी ते वरचेवर बदलते. ताकदीचा समतोल राखणारे बदल “बॅलन्स डेटास्लेट”मध्ये येतात, तीही फुकट. छापील पुस्तक आणि ताजी पीडीएफ यांच्यात फरक असेल तर पीडीएफ खरी.

आम्ही डाव ठरला की आदल्या दिवशी ताजी पीडीएफ उतरवून घेतो आणि दोघांनी एकाच तारखेची वापरायची असं ठरवतो. कोडेक्समध्ये जिथे दुरुस्ती आली असेल तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा किंवा सरकवता येईल अशी चिठ्ठी ठेवा. डिंकाने चिकटवू नका, तीन महिन्यांनी तीच दुरुस्ती पुन्हा बदलते.

पॉइंटची मापं एवढी लक्षात ठेवा : छोटा डाव ५००चा, मधला १,०००चा, स्पर्धेचा २,०००चा. मिशनच्या, म्हणजे डावात काय साधायचं ते सांगणाऱ्या, पत्त्यांचा संच स्पर्धेला जाणार असाल तरच लागतो. घरच्या डावाला मूळ नियमांसोबतचं साधं मिशन पुरतं.

४०केच खेळायला हवं असं नाही

बजेट फारच कमी असेल तर वन पेज रूल्स या कंपनीचे खेळ बघा. भविष्यातल्या लढायांसाठी त्यांचा ग्रिमडार्क फ्युचर आणि जादूच्या जगासाठी एज ऑफ फँटसी आहे. मूळ नियम आणि सैन्यांच्या याद्या फुकट, कोणत्याही कंपनीचे सैनिक चालतात. दोन भावांनी घरी सुरुवात करायला याहून चांगलं मला माहीत नाही. फ्रॉस्टग्रेव्ह हा ऑस्प्रे प्रकाशनाचा खेळही तसाच सोयीचा : एकच पुस्तक, एक जादूगार, एक शिष्य आणि आठ शिपाई. मात्र दुसरी एडिशन घ्या, ती २०२०ची.

इतिहासाची ओढ असलेल्यांनी ब्लॅक पावडर हे नियमपुस्तक बघावं. १७०० ते १९०० या काळातल्या लढायांसाठी ते आहे. १९८७ साली पहिलं ४०के लिहिणारे रिक प्रिस्टली हेच त्याचे एक लेखक. एकट्या त्या पुस्तकावर खेळ चालतो, पुरवण्या ऐच्छिक. आपल्याकडे मांडण्यासारखं काय आहे ते सांगायला नको. शिरपूर तालुक्यात तापीकाठचं थाळनेर घ्या. फेब्रुवारी १८१८ मध्ये होळकरांच्या या किल्ल्यावर ब्रिटिश सेनापती सर थॉमस हिस्लॉपचं सैन्य आलं. आतली शिबंदी मूठभर, दरवाजातच झटापट झाली, किल्ला पडला आणि किल्लेदाराला हिस्लॉपने फाशी दिलं. पुढच्या वर्षी असीरगडचा वेढा. या लढाया टेबलवर मांडलेल्या बघायची माझी फार इच्छा आहे. धुळ्या-शिरपूरकडचा कोणी सोबत येत असेल तर तटबंदी थर्मोकोलमधून कापायला मी तयार आहे.

चुकीचं पुस्तक घेऊन झालंय, आता?

आधी परतीची मुदत तपासा. पुस्तकाचं प्लॅस्टिक फोडलं नसेल आणि कोड वापरला नसेल तर बोलून बघायला हरकत नाही.

परत जात नसेल तर ते टाकू नका. जुन्या कोडेक्समधला सैन्याचा इतिहास, चमूंची चिन्हं आणि रंगसंगती शिळी होत नाही. आमच्याकडे रंगवताना सगळ्यात जास्त चाळला जातो तो आठव्या एडिशनचा एक कोडेक्स.

आणि जुनी एडिशन खेळायला कोणाची बंदी नाही. गावात दोघांकडे नवव्या एडिशनचे कोडेक्स असतील तर त्यांनी खुशाल नववीच खेळावी. त्याच एडिशनचे मूळ नियम मिळवा, दोघांचे कोडेक्स त्याच एडिशनचे असल्याची खात्री करा आणि पॉइंट पुस्तकातले धरा. भुसावळला दोघं जण असेच जुन्या पुस्तकांवर खेळतात. नवी एडिशन घेण्यापेक्षा त्यांनी ते पैसे आणखी एका पथकावर घातले, आणि मला ते पटतं. फक्त तिसरा कोणी त्यांच्यात शिकायला येणार असेल तर त्याला पार्सल मागवायच्या आधी सांगा की इथे नववी चालते. आणि ऑर्डर करण्यापूर्वी त्याला एका डेटाशीटचा फोटो मागवायला लावा.